गरोदरपणातली जळजळ : रात्रीचं जेवण, पलंगाखालच्या विटा आणि लोहाची गोळी

गरोदर बाईच्या छातीत जळजळू लागलं की घरचे म्हणतात, ‘पित्त वाढलंय’. खरी अडचण असते ती जठरातलं आम्ल वर येण्याची. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे स्नायू सैल राहतात आणि त्यासोबत अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडपही सैलावते. शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेलं गर्भाशय जठराला खालून रेटतं. अशा वेळी भरल्या पोटी आडवं झालं, की आम्ल थेट घशाशी.

मुंबईत ऑफिस सुटून विरार-कल्याणला पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. दहाला जेवण, साडेदहाला अंथरूण. म्हणून निम्मं जेवण, म्हणजे पोळीभाजी, डब्यात जास्तीची न्यावी आणि गाडी पकडण्याआधी सातच्या सुमारास खावी. घरी आल्यावर वाटीभर मऊ वरणभात पुरे. जेवण आणि झोप यांत 2 ते 3 तास हवेत. स्टेशनबाहेरचा वडापाव आणि त्यावर चहा हे जळजळीला आमंत्रणच. तळलेलं जठरात जास्त वेळ रेंगाळतं.

डोक्याखाली उशांची चळत लावू नका. त्याने मानच वाकते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उचला. जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली, कमरेपासून वर उतार होईल अशा, घड्या केलेल्या गोधड्या सरकवा. डाव्या कुशीवर झोपलं की जठर झडपेच्या खाली राहतं.

खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिऊ नका. फसफसणाऱ्या पुड्यांतही बहुधा तोच असतो. त्यातल्या सोडियममुळे अंगात पाणी साठतं. अँटासिड डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि इथे एक चूक फार होते: लोहाची गोळी आणि अँटासिड एकदमच घेतात. लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, अँटासिड तेच कमी करतं. दोन्हींत किमान 2 तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

20 आठवड्यांनंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखलं, सोबत डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा चेहरा-हात अचानक सुजले, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. ही प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या धोकादायक आजाराची, लक्षणं असू शकतात. त्याच रात्री रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला, तरी तो जास्तच धरतात.