घरगुती लिव्हर एस्प्रेसो यंत्राची निगा

विजेच्या पंपाऐवजी हाताने दांडा ओढून दाब निर्माण करणाऱ्या छोट्या कॉफीयंत्राची देखभाल. दांड्याची पद्धत इटालियन संशोधक आकीले गाज्जा याच्या यंत्रांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत रूढ झाली. मिलानच्या ला पावोनी कंपनीने १९६१ च्या सुमारास आणलेले ‘युरोपिकोला’ हे तिचे सर्वांत परिचित घरगुती रूप. रचना साधी असते : पितळी बॉयलर, त्यात बुडालेली, पाणी तापवणारी कॉइल, वाफेचा दाब ठरावीक ठेवणारा प्रेशरस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पुढच्या नळकांड्यात वर-खाली होणारा दट्ट्या. बॉयलरमध्ये वाफेचा दाब साधारण ०.८ बार (बार हे दाबाचे एकक) असतो. दांडा दाबला की कॉफीवर ८-९ बार दाब पडतो. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसल्याने त्रास दोनच गोष्टींचा : पाण्यातला क्षार आणि सांधे बंद ठेवणाऱ्या सीलचे रबर.

क्षाराचा प्रश्न पुण्यात पेठेनुसार नव्हे, तर टाकीनुसार बदलतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव या धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी मुळात मृदू. ते गाळून वापरले तर कॉइलवर पुट चढायला बराच काळ लागतो. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र पाणी जड असते. बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर बॉयलरच्या आतही तेच चालले आहे, असे खुशाल समजावे. यावर बरेच जण निव्वळ आरओचे पाणी भरतात. ते क्षार टाळते. पण खनिजे फारच कमी असलेले पाणी पितळ हळूहळू खाते, आणि कॉफीही फिकी लागते. आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले नळाचे पाणी मिसळणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग.

साचलेला क्षार काढण्यासाठी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पुरते. लिटरभर पाण्यात सुमारे २० ग्रॅम विरघळवून बॉयलरमध्ये भरावे, यंत्र थोडे तापवून बंद करावे आणि अर्ध्या तासाच्या आत ओतून टाकावे. रात्रभर ठेवण्याचा सल्ला ऐकू नये : आम्ल पितळातले जस्त ओढून घेते आणि धातू गुलाबीसर पडू लागतो. नंतर आंबट चव पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाणी फिरवावे.

रबराच्या तक्रारी गळतीच्या जागेवरून ओळखता येतात. दांड्याच्या बुडाशी, दट्ट्याच्या सळईभोवती पाणी दिसले तर तिथली सील गेली. पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे कॉफीपूड भरायच्या दांडीदार चाळणीच्या, कडेने कॉफी झिरपली तर तिथले गॅस्केट (रबरी कडे) कडक झाले. कॉफी नेहमीइतकी बारीक दळूनही दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली आला तर दट्ट्याच्या सील झिजल्या. या सीलना एका बाजूला ओठासारखी कड असते. काढण्यापूर्वी कोणती कड कोणत्या दिशेला आहे याचा फोटो काढून ठेवावा, कारण उलटी बसवलेली सील दाब धरत नाही. बसवताना अन्नयोग्य सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा; खोबरेल तेल नको, ते खवट होते.

रोजचे काम थोडेच. पाण्याची पातळी काचनळीतल्या खुणेखाली जाऊ देऊ नये. कॉइल उघडी पडली की जळते. बॉयलरचे झाकण गरम असताना, म्हणजे वाफ पूर्ण सोडण्यापूर्वी, कधीही उघडू नये. दूध फेसाळल्यावर वाफेची नळी लगेच पुसून क्षणभर वाफ सोडावी. यंत्र थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि नळीतले दूध बॉयलरमध्ये ओढले जाते; पुढचा वास सांगायला नको. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीचा मात्र परिणाम नगण्य : उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण बंद बॉयलरमध्ये ते ११६-११७ अंशांपर्यंत जाते. खरा फरक उन्हाळ्याचा पडतो. एप्रिल-मेमध्ये पुढचे नळकांडे थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून लागोपाठ तिसरा कप कडू उतरतो. मध्ये ओले फडके गुंडाळले की भागते.

वायर, प्लग, स्विच पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. बोहरी आळीत मापाची ओ-रिंगही सापडेल, पण ती अन्नयोग्य रबराची आहे का, हे दुकानदारही सांगू शकेलच असे नाही. दट्ट्याच्या सील मूळ कंपनीच्याच मागवाव्यात.