खारवट पाण्यावरचा ऊस: चाचणीची रोपं नेण्याआधी वाचा

जायकवाडीच्या कालव्याखाली पांढरी फुटलेली जमीन असो, नाहीतर उन्हाळ्यात मचूळ होणारा बोअर, नर्सरीत आलेले शेतकरी एकच विचारतात, "टिश्यू कल्चरचं रोप यावर टिकेल का?" नेहमीचं टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बरणीत वाढवलेलं, रोप मूळ वाणाइतकंच टिकतं. को ८६०३२ या उसाच्या वाणाच्या शेंड्यापासून केलेलं रोप को ८६०३२ च राहतं. खार सोसणारा ऊस शोधायची वाट वेगळी आहे.

शेंड्यातल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या चकत्या आम्ही बरणीत खाद्यावर ठेवतो. त्यात लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम टू-फोर-डी असतं. होय, तुम्ही तणावर मारता तेच. एवढ्याशा मात्रेत त्याने पेशी वाढू लागतात. काही आठवड्यांत चकतीवर पिवळसर, रवाळ गोळा धरतो. अशा वाढीत काही पेशींचे गुण आपोआप बदलतात. फुले सावित्री (को ९४०१२) हा वाण कोसी ६७१ या वाणामधल्या अशाच बदलातून आला.

मग खाद्यात मीठ: आधी लिटरला पाच ग्रॅम, पुढे दहा. बहुतेक गोळा तपकिरी पडून मरतो. एखाद्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका तग धरतो, तो उचलायचा.

फसगत होते ती इथे. काही पेशी मिठाला नुसत्या सरावलेल्या असतात. म्हणून ठिपका काही महिने बिनमिठाच्या खाद्यावर वाढवून पुन्हा मिठावर टाकतो. पुष्कळ तेव्हा जातात. उरलेल्यांपासून रोप झालं तरी काम संपत नाही. मुळं किती खोल जातात, क्षार मुळाशीच अडतात का, हे बरणीत कळत नाही. कुंडीत खारं पाणी देऊन, मग शेतात लागण आणि खोडवा दोन्ही बघावे लागतात. त्याआधी कोणी हमी देत असेल तर पैसे देऊ नका, आम्हालासुद्धा.

यात बाहेरचा जनुक घातलेला नाही.

जमीन चोपण (सोडियम जास्त, पाणी न मुरणारी) असेल तर आधी निचऱ्याचे चर आणि जिप्सम. आणि पाणीच नसेल तर कुठलाच ऊस लावू नका. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

सध्या ही रोपं फक्त चाचणीपुरती मिळतील: चार सऱ्या यांच्या, शेजारी चार तुमच्या नेहमीच्या वाणाच्या, खत-पाणी सारखंच. येताना माती आणि पाणी तपासणीचा अहवाल आणा. मातीची ईसी (अहवालातलं क्षारांचं मोजमाप) ४ च्या वर असेल त्यांना आधी रोपं देऊ.