देवाची इच्छा ओळखणे (ख्रिस्ती)

लग्न, नोकरी, शिक्षण, घर-जमीन, शस्त्रक्रिया अशा व्यवहारातील निर्णयांत देवाला काय मान्य आहे, हे प्रार्थना, बायबलवाचन, वडीलधाऱ्यांचा सल्ला आणि परिस्थिती यांच्या आधारे ठरवण्याची ख्रिस्ती प्रथा. सातारा-सांगली भागातील मराठी मंडळ्यांत (चर्चच्या स्थानिक समुदायांत) ‘प्रार्थनेत ठेवले आहे’, ‘वचन मिळाले’, ‘दार उघडले’, ‘मनाला शांती नाही’ हे शब्दप्रयोग याच संदर्भात ऐकू येतात.

ईशज्ञानात (ख्रिस्ती धर्मशास्त्रात) देवाच्या इच्छेचे सामान्यतः दोन प्रकार मानतात : गुप्त आणि प्रकट (बायबलातील अनुवाद, २९:२९). इतिहासात जे घडणार ते गुप्त इच्छेत मोडते व ते आधी कळत नाही. आज्ञा, न्याय, दया, पवित्रीकरण (मीखा ६:८, १ थेस्स. ४:३) ही प्रकट इच्छा होय, ती शोधावी लागत नाही, पाळावी लागते. प्रत्येक व्यक्तीसाठी देवाने जोडीदार, हुद्दा, गाव असे सर्व काही नेमून ठेवले आहे आणि ते हुडकून काढायचे आहे, ही तिसरी कल्पना आधुनिक भक्तिपर लेखनात बळावलेली दिसते. तिच्या समर्थनार्थ रोम. १२:२ हे वचन हमखास पुढे केले जाते. पण तेथे मनाच्या नवीकरणातून येणाऱ्या पारखीचा विषय आहे, खुणेचा नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे पालुपद याकोबाच्या पत्रातील (४:१३-१५). मूळ संदर्भ वर्षभराच्या व्यापाराचे बेत आखणाऱ्यांचा असून त्यांना बेत करू नका असे म्हटलेले नाही. त्यांची फुशारकी तेवढी मोडली आहे.

देवाचा कौल घेण्याच्या जुन्या करारातील साधनांपैकी उरीम व थुम्मीम यांविषयी सर्वाधिक वाद आहे. ती महायाजकाच्या न्यायाच्या ऊरपटात असत (निर्ग. २८:३०), एवढेच मूळ ग्रंथ सांगतो, त्यांचा आकार, द्रव्य वा वापराची रीत सांगत नाही. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने ऊरपटावरील रत्ने चकाकून विजयाची सूचना देत असे लिहिले आहे. हे वर्णन बरेच उत्तरकालीन आहे. १ शमु. १४:४१ चा ग्रीक अनुवादातील पाठ हिब्रू पाठापेक्षा मोठा आहे. त्यात दोष राजा शौल व त्याचा मुलगा योनाथान यांच्याकडे असल्यास उरीम, लोकांकडे असल्यास थुम्मीम दे, अशी मागणी येते. त्यावरून ही दोन सोंगट्यांसारखी चिठ्ठीची साधने असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अडचण एवढीच, की पुढे शौलाला उरीमद्वारे काहीच उत्तर मिळाले नाही (१ शमु. २८:६) आणि दोनच पर्याय असलेली चिठ्ठी गप्प कशी राहील? तिसरा, निरुत्तर निकालही शक्य असावा, असा तर्क त्यामुळे केला जातो. बाबेलहून परतलेले लोक उरीम व थुम्मीम असलेला याजक उभा राहीपर्यंत थांबायला तयार होते (एज्रा २:६३), म्हणजे ही साधने तोवर प्रचारातून गेली असावीत.

गिदोनाची लोकर (शास्ते ६:३६-४०) प्रवचनांत वारंवार येते : खळ्यात ठेवलेली लोकर एका रात्री दवाने भिजली व भुई कोरडी राहिली, दुसऱ्या रात्री त्याच्या उलट झाले. मात्र इस्राएलाला शत्रूच्या हातून सोडवण्याची आज्ञा गिदोनाला आधीच मिळालेली होती. त्याला देवाची इच्छा कळत नव्हती असे नाही, तिच्यावर त्याचा भरवसा बसत नव्हता. नव्या करारात यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली (प्रेषित. १:२६). पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतर, ही पद्धत पुन्हा आढळत नाही, यरुशलेमच्या सभेत ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला’ योग्य वाटले (प्रेषित. १५:२८) अशी सामुदायिक भाषा येते.

बायबल सहज उघडून पहिल्या नजरेस पडलेल्या ओळीवरून कौल घेण्याची चाल फार जुनी आहे. प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीनचे स्वतःचे मनःपरिवर्तन (३८६) रोमकरांस पत्रातील अशाच एका वाचनाने झाले. तरी ऐहिक कामासाठी शुभवर्तमान उघडून पाहणे त्याला पसंत नव्हते. आजच्या फ्रान्समधील आग्द (५०६) व ऑर्लेआं (५११) येथील धर्मसभांनी ही चाल निषिद्ध ठरवली. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात (मुद्रण १५४८) निवडीच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : निःशंक खात्री, सांत्वन व विषण्णता यांच्या चढउतारातून येणारी जाण, आणि शांत मनाने केलेला साधकबाधक विचार. जर्मनीतील हेर्नहूटच्या मोराव्हियन बंधूंत (एका प्रोटेस्टंट पंथात) रोजचे वचन देण्याची प्रथा १७२८ पासून, छापील स्वरूपात १७३१ पासून आहे. विवाहही ते चिठ्ठीने ठरवत. ही सक्ती १८१८ मध्ये शिथिल झाली.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे कायम ठाणे १८४९ च्या सुमारास, तर सांगलीत प्रेसबिटेरियन मिशनचे १८८४ च्या सुमारास सुरू झाले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. या भागातील ख्रिस्ती घरांत आढळणाऱ्या दोन चालींचे मूळ वादग्रस्त आहे. पहिली, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर ताटातून नव्या वर्षाचे वचन लिहिलेले कार्ड उचलणे. दुसरी, ‘हो’ व ‘नाही’ अशा दोन चिठ्ठ्या घडी करून बायबलात ठेवणे, प्रार्थना करणे आणि घरातल्या लहान मुलाला एक काढायला लावणे. दोन्हींत देवाला कळ्या लावून उजवा-डावा कौल घेण्याच्या प्रथेची छाया पाहता येईल. पण कौल एका नेमक्या प्रश्नाला उत्तर देतो. वचनाच्या कार्डाला कोणी प्रश्नच विचारलेला नसतो. त्यामुळे कार्डाचे नाते मोराव्हियन वचनांशी जोडणे सयुक्तिक दिसते. चिठ्ठीचे तसे नाही. येथे आलेली दोन्ही मिशने अनुक्रमे काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट वळणांची होती आणि क्षुल्लक कामासाठी चिठ्ठी टाकणे या दोन्ही परंपरांना रुचणारे नव्हते. तेव्हा ही चाल मिशनऱ्यांनी शिकवली असण्यापेक्षा इथल्याच मातीतून आली असावी.

कार्डांवर यिर्मया २९:११ (हिताचे संकल्प) विशेष लोकप्रिय आहे. ज्यांना ते लिहिले गेले त्यांना त्याच पत्रात बाबेलात घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा असे सांगितले आहे आणि सुटकेला सत्तर वर्षे लागतील असेही बजावले आहे. कार्डावर अर्थातच अकरावी ओवीच मावते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या विषयाचे ठळक उदाहरण रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आहे. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा मात्र १० फेब्रुवारी १८९५ रोजी, दीर्घ वाचन व पत्रव्यवहारानंतर झाला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला, हा विचार पटत जाऊन त्यांचे मन वळल्याचे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून दिसते. पतीच्या धर्मांतरानंतरची ही पाच वर्षे आपल्या विषयाच्या दृष्टीने दरबारापेक्षाही बोलकी आहेत.

प्रत्यक्षात विवाहाचा निर्णय सर्वांत जास्त वेळ प्रार्थनेत राहतो. स्थळ आले की पाळकसाहेबांच्या कानावर घातले जाते, मुलाच्या गावातील मंडळीत कोणी ओळखीचे आहे का पाहिले जाते, महिला मंडळात नाव न घेता प्रार्थनाविनंती होते. ‘वचन मिळाले’ असे आई म्हणते तोवर मावशी-आत्यांनी पगार, घर, व्यसन यांची चौकशी पुरी केलेली असते. जुन्या जातीचा हिशोबही कुठे कुठे मनात असतो, तो बोलला जात नाही. पुढे उपासनेत तीन रविवार विवाहाची सूचना वाचतात व कोणाची हरकत असल्यास विचारतात. कायद्याच्या अंगाने हा उपचार असला, तरी सामुदायिक पारखीचा जुना अवशेष म्हणूनही त्याकडे पाहता येते. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस जाण्याचे निर्णय त्या मानाने लवकर होतात. तेथे नेमणुकीचे पत्र हेच बहुधा उघडलेले दार ठरते.

पुणे धर्मप्रांत (१८८६) आरंभी जेझुइटांकडे होता. या भागातील कॅथलिक मंडळ्या त्यातच मोडतात. त्यांच्यात इग्नेशियसच्या पद्धतीची रात्रीची आत्मपरीक्षा व धर्मगुरूंचे मार्गदर्शन यांवर भर असतो. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत उपवास-प्रार्थना, स्वप्ने आणि संदेशवचने यांना अधिक स्थान आहे.