परेडचे बूट आणि ती स्पंजची बाटली

(एन.सी.सी. कॅडेट आणि त्यांच्या पालकांसाठी, दुकानाकडून)

ऑगस्टचा दुसरा आठवडा आणि जानेवारीचा तिसरा आठवडा लागला की काउंटरवर एकच प्रश्न येतो. "काका, टोवर, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकावर, तोंड दिसेल असं पॉलिश उद्यापर्यंत होईल का?" पिशवीतले बूट बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि बघितल्यावर ते बहुतेक वेळा "नाही" असंच असतं. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापून घेतला. ब्रश कसा मारायचा, लेस कशा ओवायच्या हे तुमच्या युनिटमध्ये शिकवतातच, त्यात आम्ही पडत नाही. आम्हाला बोलायचंय ते बाटलीबद्दल.

बाटली म्हणजे तोंडाला स्पंज असलेली, 'झटपट चमक'वाली. ती वाईट नाही. शाळेच्या रोजच्या बुटांसाठी आम्हीच विकतो, सकाळी बस सुटायच्या आत दोन हात मारायला तिच्यासारखं काही नाही. पण परेडच्या बुटांवर ती एकदा फिरली की पुढचं सगळं काम उलटं होतं.

मागच्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगा आईला घेऊन आला. पोरगा मेहनती, दोन आठवडे डबीचं पॉलिश लावून टो छान आणला होता. शेवटच्या दिवशी जरा आणखी चकाकावं म्हणून वरून बाटली फिरवली. घरी सुरेख दिसलं असणार. दुपारच्या सरावात बोटं दुमडतात तिथे बारीक रेषा उठल्या, आणि आमच्याकडे येईपर्यंत टोवर पोपडे धरले होते. मी अंगठ्याच्या नखाने एक कडा उचलली, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा काळा पापुद्रा निघून आला. त्याच्या मागे चिकटून दोन आठवड्यांचं मेणही आलं. त्या रात्री आमच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ब्रश मारून जेवढे बरे दिसतील तेवढे करून दिले, पैसे घेतले नाहीत.

असं का होतं ते समजलं की बाटलीकडे हात जाणार नाही. डबीतलं पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि ते पातळ ठेवणारं, टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रावक. द्रावक उडालं की मेण कातड्याच्या बारीक छिद्रांत आणि सुरकुत्यांत बसतं. थरावर थर चढून खळगे बुजले की टो सपाट होतो, आणि सपाट जागेवरून उजेड सरळ परततो. आरसा म्हणतात तो एवढाच. बाटलीतलं द्रव वाळल्यावर मात्र कातड्यात मुरत नाही, वर प्लॅस्टिकच्या जातीचा पातळ पडदा धरतं. त्या पडद्यावर मेण नीट बसत नाही. आणि पडद्याखाली मेण असेल तर पडद्याला धरायला जागा राहत नाही, पाय वाकला की तो तडकतो. म्हणजे आधी लावा नाहीतर नंतर लावा, नुकसान ठरलेलं.

"मग आता काढून द्या" असं सगळे म्हणतात. काढतो, पण त्याचे वेगळे पैसे घेतो आणि किमान चार दिवस मागतो. यावर बरीच कुरकुर ऐकतो, म्हणून सांगून टाकतो. पडदा स्पिरिटच्या बोळ्याने थोडा थोडा सोडवावा लागतो. घाई केली तर त्याच्याबरोबर कातड्याचा रंगही निघतो. मग बूट सुकू द्यायचे, क्रीम देऊन कातडं मऊ करायचं, आणि पहिल्या थरापासून पुन्हा सुरुवात. नव्या बुटाला लागतो त्याहून जास्त वेळ यात जातो. घरी नेलपॉलिश काढायचं द्रव वापरून बघू नका. तसे पांढरे डाग पडलेले तीन जोड या वर्षी बघितले.

आता खरं काम. टो आणि टाचेचा मागचा कडक भाग, एवढ्याच जागांना आरसा करायचा. बोटं मुडपतात त्या जागी जाड थर चढवलात तर तिथे भेगा पडणारच, मग पॉलिश कितीही भारी असो. तिथे ब्रशची चमक पुरे. टाचेची आतली बाजू 'पीछे मुड'ला घासली जाते, ती दर सरावानंतर बघा.

सुरुवातीला डबीतलं पॉलिश फडक्याने लावा, पंधरा मिनिटं थांबा, ब्रश मारा. असं तीन-चार वेळा करून बूट रात्रभर तसेच ठेवा. तुमच्या बुटाचं कातडं दाणेदार असेल तर आणखी दोन-तीन थर लागतील. दुसऱ्या दिवशी मऊ सुती कापड दोन बोटांवर ताणून गुंडाळा, मागे पीळ देऊन मुठीत धरा. बोटांवर एकही चुणी राहता कामा नये, चुणीचाच ओरखडा उठतो. बोटाच्या टोकाला डाग पडेल इतकंच पॉलिश घ्या. डबीच्या झाकणात थोडं गार पाणी ठेवा, त्यातला एक थेंब टोवर सोडा आणि रुपयाच्या नाण्याएवढे गोल काढत राहा. दाबायचं नाही. पाण्यामुळे कापड अडकत नाही आणि मेण वरच्या वर घट्ट होतं. जुने लोक थुंकी वापरायचे, काम तेच. आमच्या दुकानात पाणी.

आधी टो धुरकट दिसेल. इथेच मुलं घाबरतात आणि आणखी पॉलिश थापतात. धुरकट दिसतंय म्हणजे पॉलिश कमी पडलं असं नाही, बहुतेक वेळा ते जास्त झालेलं असतं. नव्या पॉलिशमधलं द्रावक खालचा थर मऊ करतं, आणि सगळं एकमेकांत कालवलं जातं. कापडाची कोरी बाजू घ्या, पाण्याचा थेंब टाका, गोल चालू ठेवा. हळूहळू धुकं विरतं आणि छताचा पंखा टोमध्ये दिसायला लागतो. पहिल्या वेळी एका बुटाला दोन तास धरून चाला. एका बैठकीत होत नाही, तीन-चार संध्याकाळी लागतात. एकदा बसलं की नंतर परेडआधी दहा मिनिटं पुरतात.

मेणबत्ती किंवा लायटरने पॉलिश वितळवून लावायचा एक प्रकार होस्टेलवर चालतो. द्रावक पेट घेतं आणि शिलाईचा दोरा जळतो, एवढं सांगून पुढे जातो.

15 ऑगस्टवाल्यांची अडचण वेगळी. सराव पावसात, मैदान चिखलाचं. ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की दोन दिवसांत हिरवी-पांढरी बुरशी धरतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, भिजले की बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने नको, कातडं आखडतं. पूर्ण सुकल्याशिवाय पॉलिशही नको. उन्हाळी कॅम्पला जाणाऱ्यांनी बूट भर उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नयेत, मेण मऊ पडून सगळी धूळ टोवर बसते.

गणवेशाचा भत्ता आता कॅडेटच्या खात्यात येतो, त्यामुळे बूट बाहेरून स्वस्तात आणून पॉलिशला आमच्याकडे देणारे वाढलेत. हरकत नाही, पण रेक्झिनचे बूट आम्ही हातात घेत नाही. रेक्झिनला छिद्रंच नसतात, मेण बसणार कुठे? घ्यायच्या आधी आतली कापलेली कड बघा. खाली कापडाची जाळी दिसली तर रेक्झिन, तंतू-तंतू दिसले तर कातडं. शंका वाटली तर दाखवायला आणा, आमच्याकडून घेतले नसले तरी सांगू. रंग काळा की तपकिरी ते आधी युनिटला विचारून या, आणि दोन्हींचे ब्रश वेगळे ठेवा.

आमच्याकडे घेतलेल्या प्रत्येक जोडाला पहिले तीन थर आम्ही देतो, त्याचे पैसे नाहीत. त्यासाठी परेडच्या निदान एक महिना आधी या. डबी, घोड्याच्या केसांचा ब्रश आणि फलालीनचं कापड असा संच काउंटरवर असतो. कापड घरचं चालेल, जुनी धुतलेली सुती बनियन सगळ्यात उत्तम, तेव्हा संचातून कापड वगळून मागा, तेवढे पैसे कमी करू. डबी मात्र वर्षभर पुरते, लहान घ्या. मोठी अर्धी वापरेपर्यंत सुकून तडकते.

शनिवारी दुपारी चारनंतर दुकानात गर्दी कमी असते. उजवा बूट घेऊन या, टोचा अर्धा भाग आम्ही करून दाखवू, उरलेला अर्धा तिथेच बसून तुम्ही करा. 20 जानेवारीनंतर आणि 10 ऑगस्टनंतर पॉलिशचं नवीन काम घेत नाही. पालकांनी त्यासाठी फोन करू नये.