रॅमच्या काठावरची खाच

डीडीआर४ आणि तिच्या पुढच्या पिढीची डीडीआर५, अशा रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून पाहा. लांबी सारखीच, खालच्या सोनेरी पिनाही दोन्हींवर २८८. फरक आहे तो काठावरची बारीक खाच कुठे कापली आहे एवढाच. तेवढ्यानेच एक पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये जात नाही, आणि जाऊ नयेच. डीडीआर४ला मदरबोर्डकडून तयार १.२ व्होल्ट लागतात. घरगुती पीसीतली डीडीआर५ बोर्डाकडून ५ व्होल्ट घेते आणि पट्टीवरच बसवलेल्या चिपकडून त्याचे १.१ व्होल्ट करून घेते.

घरी गेमिंगचा पीसी जुळवायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी ही खाच दाखवतो. कुणी तरी कुठे चुकणार हे ओळखून इंजिनिअरांनी ती वाट आधीच बंद करून ठेवली आहे. सुटे भाग निवडताना डोकं लावायचं ते जिथे अशी खाच नाही तिथे.

प्रोसेसर आणि मदरबोर्डचंच घ्या. एएमडी कंपनीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या चौकटीत, बसणाऱ्या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात. २०२२मध्ये आलेल्या एएम५मध्ये संपर्कबिंदू १७१८ झाले आणि पिना बोर्डावर गेल्या. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं एलजीए१७०० सॉकेट त्याहून वेगळं. यातल्या एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये बसत नाही, त्यामुळे तिथे धोका नाही.

पण सॉकेट तेच असून गाडी अडते, तेव्हा माणूस चक्रावतो. माझ्या भाच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एएम५चा बी६५० बोर्ड आणला आणि त्यावर रायझेन ९००० मालिकेतला प्रोसेसर लावला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला, खटका पडला, पंखे फिरू लागले आणि स्क्रीन मात्र काळाच. "मामा, प्रोसेसर खराब निघाला," म्हणत बिचारा रडकुंडीला आला होता. प्रोसेसर उत्तम होता. बी६५० बोर्ड २०२२मध्ये आले, हे प्रोसेसर २०२४मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाच्या बायोसला, म्हणजे पीसी चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, या पाहुण्याची ओळखच नव्हती. सुदैवाने त्या बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण होतं. नवीन बायोस पेनड्राइव्हवर घेतलं, बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकत राहिला आणि सहा-सात मिनिटांनी थांबला. मग स्क्रीन उजळली. बोर्ड घेताना हे बटण आहे का ते पाहाच. त्या कामाला चालू प्रोसेसरही लागत नाही.

रॅमचा वेग हीदेखील अशीच बिनखाचेची जागा. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ लावली तरी ती बहुतेक वेळा ४८००नेच चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी नावाची, रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग चालू केल्याशिवाय पैसे मोजलेला वेग मिळत नाही. दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटांपैकी सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात घालायच्या.

कॅबिनेटचं काम मोजपट्टीचं आहे. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची मिलिमीटरमध्ये पाहून घ्या. टॉवर कूलर बरेचदा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण तिथेच अडतं.

सगळ्यात जास्त सांभाळायचा तो एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनांच्यामधून १५०. पण २०० वॅटचं कार्ड सतत २०० वॅटच घेतं असं नाही. गेममध्ये एकदम धुमश्चक्री सुरू झाली की काही मिलिसेकंदांपुरती त्याची भूक कितीतरी वाढते. अशा उसळीत कमकुवत एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि पीसी ऐन खेळात विझतो. म्हणूनच एटीएक्स ३.० या प्रमाणाने एसएमपीएसला अगदी क्षणभर दुप्पट भारही पेलायला लावलं आहे. घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, हेही हिशेबात धरा.

आणि मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल. यांची हार्डडिस्ककडची, कार्डाकडची टोकं प्रमाणित असतात. एसएमपीएसकडच्या टोकात कोणत्या तारेला किती व्होल्ट, हे मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं आहे. प्लास्टिकचा आकार कित्येकदा तोच, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची केबलही खट्टकन बसते. मी एकदा एसएमपीएस बदलला आणि आळसापायी जुन्या केबल तशाच ठेवल्या. पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट आले. बटण दाबताच करपल्याचा वास आला आणि हार्डडिस्क गेली. आईच्या साठीचे सगळे फोटो तिच्यात होते.

भाच्याच्या पीसीत न लागलेल्या केबल त्या संध्याकाळी आम्ही एका पिशवीत भरल्या. पिशवीवर जाड पेनाने एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल लिहिलं आणि ती त्याच्याच खोक्यात ठेवून खोकं माळ्यावर टाकलं.