ऐंशी फुटांचे कारंजे आणि पाण्याची पातळी

शनिवारवाड्यातले हजारी कारंजे वीज नसताना, मोटार नसताना म्हणे ऐंशी फूट उंच उडायचे, आणि ही विद्या इंग्रजांनी बुडवली! असा मजकूर व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरत येतो. विजेशिवाय उडे हे खरेच आहे. ऐंशी फुटांचा मात्र हिशेब करून पाहायला हवा.

सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हे कारंजे बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधले, असे सांगतात. त्यांचे वडील नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात खून झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, १७७४ साली, या मुलाचा जन्म झाला. अमावास्येला ‘काका मला वाचवा’ ऐकायला दरवाज्यापाशी ताटकळणाऱ्यांनी आत जाऊन हे कमळ पाहिले तर जास्त काही हाती लागेल.

पाणी कात्रजचे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात तिथे तलाव बांधून सुमारे आठ किलोमीटरचा दगडी नळ शहरात आणला. वाटेत जागोजागी उच्छ्वास उभारले. त्यांतून नळातली हवा बाहेर पडे आणि आत उतरून गाळही काढता येई. पाणी नुसत्या उतारावर शहरातल्या हौदांपर्यंत येई.

इथेच एक गैरसमज होतो. कात्रज उंचावर, वाडा सखल भागात, म्हणून कारंजे कात्रजइतके उडणार, असे वाटते. पण नळ पूर्ण भरलेला नसेल, पाण्यावर हवा खेळत असेल, तर दाब साठतच नाही. उंचीतून मिळणारी बहुतेक ऊर्जा वाटेतल्या घर्षणात संपते. मग कारंज्याच्या कामी येते ती फक्त शेवटच्या टाकीतल्या पाण्याची पातळी. टाकीतले पाणी तोटीपेक्षा ‘उ’ मीटर वर असेल, तर सरळ वर उडणारी धार फार तर ‘उ’ मीटर जाते. प्रत्यक्षात त्याहून कमीच. ऐंशी फूट म्हणजे सुमारे २४ मीटर. एवढ्या उंचीसाठी पाणी किमान सात-आठ मजले वर साठवायला हवे.

मात्र तोटी तिरकी केली की गणित बदलते. ४५ अंशांत सोडलेली धार, हवेचा अडथळा सोडला, तर ‘उ’च्या दुप्पट अंतरावर पडते. म्हणजे ऐंशी फूट ही उंची नसून कमानीचा पल्ला असेल, तर १२ मीटर पातळी पुरते. तीही थोडी नाही, आणि बारीक धार हवेत लवकर फुटते, हे वेगळेच.

आता तोट्या वाढवू. समजा ५ मिलिमीटर व्यासाच्या २०० तोट्या आहेत आणि पातळी जेमतेम एक मीटर. धारेचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. तोटीपाशी धार आकसते ते धरून मिनिटाला साधारण ७०० लिटर पाणी लागेल. पातळी १२ मीटर केली, तर वेग आणि पाणी दोन्ही साडेतीनपट. शिवाय सगळ्या धारा सारख्या उडायला हव्यात. खालचा नळ उघडला की वरच्या मजल्यावरचा शॉवर मंदावतो, तसे इथे होऊन चालणार नाही. त्यासाठी पुरवठ्याच्या नळाचे क्षेत्रफळ सगळ्या तोट्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाच्या निदान चौपट ठेवावे. मग नळातला वेग धारेच्या एक चतुर्थांशाहून जास्त होत नाही. दाबातली घट वेगाच्या वर्गाप्रमाणे असल्याने ती एक सोळांशाच्या आसपास राहते आणि पहिली व शेवटची तोटी यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. जमिनीखालचे हे नळ न दिसणारे, पण कारागिराची अक्कल तिथेच कळते.

वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. १८२८ च्या आगीत लाकडी इमले गेले. तट, दरवाजे आणि जोती उरली. १९१९ साली वास्तू संरक्षित झाली आणि त्यानंतर ढिगारे उपसून पाये मोकळे केले गेले.

आज त्या जोत्यांभोवती हिरवळ आहे. मला ती खटकते. जिथे दिवाणखाने आणि चौक होते तिथे गवत पाहून वाड्याचा नकाशा डोळ्यांपुढे येत नाही. आणि रोजच्या शिंपणाचे पाणी जुन्या चुन्याच्या सांध्यांत मुरते. ते सुकताना क्षार पृष्ठभागाशी गोठतात आणि सांधे भुसभुशीत होतात. त्यावर सिमेंट थापले तर ओल कोंडते आणि शेजारची वीटच झडू लागते. डागडुजी चुन्यानेच करावी. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, पण ओलीला बाहेर जाऊ देतो.

कारंज्याचे म्हणाल तर पंप जोडून कोणतेही कमळ उडवता येईल. आधी जुन्या हौदांच्या भिंती तपासाव्यात. कठीण पाणी वर्षानुवर्षे एकाच पातळीला राहिले की तिथे कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. तशी रेघ सापडली, तर लेव्हल यंत्राने तिची आणि तोट्यांची उंची मोजता येईल, आणि ऐंशी फुटांच्या गोष्टीत किती पाणी होते ते आकड्यात कळेल.