स्फोट बाहेर होतो, मग सूर्यावरचे लूप आत का बसतात?

सूर्यावर फ्लेअर, म्हणजे ऊर्जेचा अचानक मोठा स्फोट, झाली की आजूबाजूच्या चुंबकीय कमानी, म्हणजे ज्यांना सगळे लूप म्हणतात, त्यातल्या काही बाहेर फेकल्या जायच्या ऐवजी चक्क आकसतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच पटलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट मुळापासून सांगतो.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलशास्त्रज्ञ नेहमीसारखा दुर्बिणीतून काचेवर सूर्याची प्रतिमा पाडून डागांचं चित्र काढत होता आणि अचानक डागांच्या गटात दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो धावत गेला, मिनिटभरात परत आला तर ते फिके पडायला लागले होते! ती फ्लेअरच होती, पण तिच्या मुळाशी सूर्याचं चुंबकत्व आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. ते कळायला १९०८ उजाडलं, माउंट विल्सनवर जॉर्ज हेलनं डागांमध्ये जोरदार चुंबकीय क्षेत्र असल्याचं दाखवलं. पुढे १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून कोरोना, म्हणजे सूर्याचं सगळ्यात बाहेरचं विरळ वातावरण, १० लाख अंशांच्या घरात तापलेला आहे हे कळलं, आणि एवढा गरम वायू एक्स-रेमध्ये चमकणार हे उघड होतं, फक्त ते बघायला पृथ्वीच्या वातावरणाच्या वर जावं लागणार होतं.

१९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकाच्या अंतराळवीरांनी एक्स-रे फोटो काढले आणि कोरोना म्हणजे गुळगुळीत धुकं नाही, कमानींचं जाळं आहे हे स्वच्छ दिसलं. शाळेत चुंबकावर कागद ठेवून लोहकीस टाकतो ना, अगदी तसंच, फक्त एकेक कमान हजारो-लाखो किलोमीटरची.

दरम्यान कागदावर पार्कर, स्वीट वगैरे शास्त्रज्ञ मंडळी रिकनेक्शनचं गणित मांडत होती, म्हणजे उलट दिशेच्या चुंबकीय रेषा जवळ आल्या की तुटून नव्याने जुळतात, वरचा भाग उसळून बाहेर जातो आणि खालचा झटक्यात खाली येऊन नवीन लूप बनतात. १३ जानेवारी १९९२ च्या फ्लेअरमध्ये जपानच्या योहको उपग्रहाला लूपच्या शेंड्याच्याही वर एक्स-रेचा स्रोत दिसला, आणि ऊर्जा लूपच्या वरच सुटते या कल्पनेला मोठा आधार मिळाला.

मला सगळ्यात आवडतो तो १४ जुलै १९९८ चा प्रसंग. नासाच्या ट्रेस या सूर्य बघणाऱ्या यानाच्या चित्रांमध्ये फ्लेअरनंतर शेजारचे लूप तार छेडल्यासारखे डावी-उजवीकडे झुलताना दिसले, एका झोक्याला साधारण चार मिनिटं, आणि काही झोक्यांतच शांत. या झुलण्यावरून तिथल्या चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजता येते, जी कोरोनात थेट मोजणं महाकठीण आहे.

आता आकसण्याकडे. २००० साली ह्यू हडसन या सौरशास्त्रज्ञानं साधा विचार मांडला: फ्लेअरची ऊर्जा कोरोनातल्या चुंबकीय क्षेत्रातूनच येते, ती खर्च झाली की तिथला दाब कमी होणार आणि आजूबाजूचे लूप आत बसणार, हवा गेलेल्या ट्यूबसारखे. २०१० नंतर नासाचा सूर्य बघणारा एसडीओ उपग्रह दर १२ सेकंदाला चित्र द्यायला लागला आणि असे आकसणारे लूप खरंच सापडत गेले. पण २०१७ मध्ये झुकारेल्लो आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनमधून वेगळंच कारण दाखवलं, की होडी पुढे गेली की बाजूचं पाणी भोवऱ्यासारखं मागे वळतं तसं वर उसळणाऱ्या स्फोटाच्या कडेला भोवरे होतात आणि लूप त्या परतीच्या प्रवाहात ओढले जातात. मला हे दुसरं जास्त पटतं, कारण त्यात काही लूप फुगतात आणि काही आकसतात ते एकाच वेळी समजतं, पण वाद मिटलाय असं नाही.

यात आता पुण्याचाही हात लागलाय. आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत उभी राहिली आणि ती जवळच्या अतिनील प्रकाशात खालचे थर, म्हणजे जिथे लूपचे पाय रोवलेले असतात ती जागा बघते. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स ६.३ (एक्स म्हणजे सगळ्यात ताकदवान वर्ग) फ्लेअरमध्ये तिला तिथलाच एक छोटा भाग लख्ख उजळताना दिसला, आणि त्याच वेळी वर कोरोनातल्या प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचं, तापमानही चढत होतं.